रहस्यकथा कशी लिहावी?

मुलांनो, उर्दूतील जासूसी कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. मराठीत अशा कथेला रहस्यकथा म्हणतात. अमेरिकेतील लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली लिहिलेल्या एका कथेपासून आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात झाली, असे मानतात. उर्दूत इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ ही मालिका १९५२ साली सुरू झाली. मराठीत बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक घरोघरी माहीत होते.

अशी कथा तुम्हालाही मराठीत लिहिता येईल. प्रथम काही शब्द लक्षात ठेवा. जासूस म्हणजे गुप्तहेर, शक म्हणजे संशय, सुराग म्हणजे धागादोरा आणि सबूत म्हणजे पुरावा. संशयापासून पुराव्यापर्यंतचा प्रवास म्हणजेच रहस्यकथा.

रहस्यकथा वाचताना शेवट सर्वांत उशिरा कळतो. लिहिताना मात्र तो सर्वांत आधी ठरवावा लागतो. आपण एक उदाहरण घेऊ. कथा शिरूरच्या एका शाळेत घडते. वक्तृत्व स्पर्धेत मिळालेली लाकडी ढाल कपाटातून नाहीशी झाली आहे. खरे काय घडले, ते आधी वहीत लिहा : शुक्रवारी कपाट आवरताना ढाल सलीमच्या हातून पडली आणि तिचा कोपरा तुटला. घाबरून त्याने ती दप्तरात लपवली. शनिवारी एसटीने दौंडला जाऊन त्याने ती ओळखीच्या सुताराकडे दुरुस्तीला दिली.

आता वाचकाला हे न सांगता कथा सुरू करा. सोमवारी कपाट उघडले, तर ढाल नाही. कपाटाची किल्ली शिपाई यूसुफचाचांकडे असते. सगळी शाळा त्यांच्याकडे संशयाने पाहू लागते.

येथे भाषेकडे नीट लक्ष द्या. पुढील तीन वाक्ये वाचा :

ढाल नाहीशी झाली.
ढाल चोरीला गेली.
यूसुफचाचांनी ढाल चोरली.

पहिले वाक्य सर्वांना दिसणारी गोष्ट सांगते. दुसरे वाक्य अंदाज आहे. तिसरे वाक्य आरोप आहे आणि त्याला काहीही पुरावा नाही. जेव्हा खात्री नसते, तेव्हा मराठीत ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असे वाटते’ असे शब्द वापरतात. गुप्तहेराच्या तोंडी हे शब्द शोभतात. घाईने बोलणारी पात्रे ते वापरत नाहीत, आणि म्हणूनच चुकतात.

यानंतर धागेदोरे पेरायचे. पहिला धागा : कपाटाखाली लाकडाची एक चकचकीत कपची सापडते. दुसरा धागा दौंडचा आहे. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. तेथून पुणे, सोलापूर आणि मनमाड या बाजूंना लोहमार्ग जातात. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची दिशा दौंडला बदलत असे. तेथे इंजिन काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. म्हणजे पुण्याहून निघताना जो डबा पहिला, तो दौंडनंतर शेवटचा होई! पुढे जोडमार्ग तयार झाला आणि अनेक गाड्यांना याची गरज उरली नाही. म्हणून आपल्या कथेचा काळ १९९५ सालचा धरू. कथा काल्पनिक असली, तरी तिच्यातील माहिती खरी असावी.

आपली गुप्तहेर आहे नसीम. तिचे घर दौंडला आहे. शिकण्यासाठी ती शिरूरला आजीकडे राहते. लहानपणापासून तिने इंजिनांची ही अदलाबदल पाहिली आहे. ही गोष्ट कथेच्या सुरुवातीलाच सहज सांगून टाका. वाचकापासून धागा लपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शनिवारी नसीमने सलीमला दौंड स्थानकाजवळ पाहिलेले असते. ती विचारते, “तू दौंडला कशाला आला होतास?”

सलीम म्हणतो, “मी पुण्याहून रेल्वेने अहमदनगरला मामांकडे चाललो होतो. दौंडला गाडी थांबली, म्हणून खाली उतरलो. पुण्यात मी इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात बसलो होतो. नगरला उतरलो, तेव्हाही इंजिन आमच्याच डब्यापुढे होते.”

शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे त्याची चूक त्याच्या लक्षात येत नाही. नसीमच्या मात्र लगेच लक्षात येते की, तो या गाडीत नव्हताच.

पण थांबा. खोटे पकडले म्हणजे चोर सापडला, असे नाही. नसीम सर्वांसमोर ओरडत नाही. ती सलीमला बाजूला नेते, कपची दाखवते आणि विचारते, “ढाल तुटली का रे?” सलीमला रडू येते. तो सगळे सांगून टाकतो. चोरी झालेलीच नव्हती. एक मुलगा फक्त घाबरला होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेली ढाल कपाटात येते. ज्यांनी यूसुफचाचांवर आळ घेतला होता, ते त्यांची माफी मागतात. हा प्रसंग गाळू नका. रहस्य उलगडले, पण निर्दोष माणसाचा मान परत मिळाला नाही, तर कथा अपुरी राहते.

मुलांनो, गावात, बाजारात, शाळेत काही हरवले की पटकन कोणाचे तरी नाव घेतले जाते. तेव्हा या कथेतील तीन वाक्ये आठवा. पुरावा मिळेपर्यंत पहिल्याच वाक्यावर थांबणे, हे चांगल्या लेखकाचे काम आहे आणि चांगल्या माणसाचेही.

स्वाध्याय
१. सलीमचे बोलणे खोटे आहे, हे नसीमने कसे ओळखले?
२. ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
३. ‘वाचनालयातील पुस्तक नाहीसे झाले’ या वाक्याने सुरू होणारी रहस्यकथा लिहा. शेवट आधी ठरवा.