रिकाम्या टाकीत काय असतं?

बोटीवरचा पहिला खरा धडा मला एका पंपमनकाकांनी दिला. मी तेव्हा कॅडेट होतो. ते गुहागरकडचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आमच्या बोटीने अमोनिया उतरवला होता आणि पुढचा माल होता प्रोपेन. डेकवर उभं राहून मी सहज विचारलं, "काका, टाकी तर रिकामी झाली. आता सरळ प्रोपेन भरायचा ना?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "रिकामी नाय हां ती, पोरा. आत काय आहे ते आधी विचार."

पुढे बावीस वर्षं मी गॅसवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी चीफ ऑफिसर म्हणून. त्या सगळ्या काळात माझं मुख्य काम काकांचा तो प्रश्न विचारत राहणं हेच होतं. माल भरतानाचं जहाज सगळ्यांना दिसतं. धक्क्यावरचे लोखंडी बाहू जोडलेले असतात, दिवे लखलखत असतात, फोटोही निघतात. ते बारा-चौदा तासांत उरकतं. पण जहाज गोदीतून बाहेर पडल्यापासून पहिला थेंब टाकीत पडेपर्यंत टाकीच्या पोकळीवर जी मेहनत होते, ती धक्क्यावरच्या माणसालाही ठाऊक नसते.

काकांच्या बोटीवर मी आणखी एक बावळट प्रश्न विचारला होता. अमोनियाचा वास जात नाही, तर टाकी पाण्याने धुऊन का टाकत नाही? त्यावर मेटसाहेबांनी, म्हणजे बोटीच्या चीफ ऑफिसरनी, मला मास्क आणि हातमोजे चढवायला लावले. प्लॅस्टिकची एक रिकामी बाटली अमोनियाच्या वाफेने भरली, तीत दोन घोट पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली हलवली. क्षणात ती चुरगळून चपटी झाली. एक लिटर पाणी सुमारे सातशे लिटर अमोनिया वायू पिऊन टाकतं. वाफेने भरलेल्या टाकीत पाण्याचा फवारा मारला तर हाच प्रकार हजारो घनमीटरच्या टाकीत होईल. आतून येणारा दाब सोसायला टाकी बांधलेली असते. बाहेरून हवेने आत दाबलं तर तिच्या अंगात तेवढं बळ नसतं.

मग बोटीवरचा निष्क्रिय वायू सोडावा, असं कुणालाही वाटेल. डिझेल जाळून आम्ही तो तयार करतो. त्यात बहुतेक नायट्रोजन असतो, पण कार्बन डायऑक्साइडही असतो. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की पांढरी भुकटी तयार होते आणि ती नळ्यांत, झडपांत जाऊन बसते. म्हणून आधी तळातला उरलासुरला द्रव गरम वाफेने उडवायचा, मग हवा खेळवून अमोनिया बाहेर काढायचा, त्यानंतर निष्क्रिय वायू भरायचा आणि शेवटी प्रोपेनची वाफ. त्या फेरीत लिटमस कागद हातात धरून मी तीन दिवस व्हेंटजवळ उभा राहत होतो. कागद निळा व्हायचा थांबला तेव्हा काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पगाराबाहेरची तेवढी कमाई मला पुष्कळ झाली.

नैसर्गिक वायूच्या जहाजांवर गेलो तेव्हा आकार बदलला, थंडी बदलली. प्रोपेन उणे ४२ अंशांना द्रव राहतो, एलएनजीला, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूला, उणे १६२ लागतात. त्या थंडीत वायूचं आकारमान सुमारे सहाशेपटीने घटतं, म्हणूनच तो समुद्रावरून नेणं परवडतं. आमचं जहाज १,३८,००० घनमीटरचं होतं. चार टाक्या, आणि प्रत्येकीत सात-आठ मजली इमारत उभी राहील एवढी उंची. आतलं अस्तर इन्व्हार नावाच्या धातूचं. छत्तीस टक्के निकेल असलेलं हे पोलाद थंडीत जवळजवळ आखडतच नाही. त्याची जाडी ०.७ मिलिमीटर, म्हणजे पत्र्याच्या डब्यापेक्षा फार जास्त नाही. त्यामागे परलाइटची भुकटी भरलेल्या प्लायवूडच्या पेट्या, त्यामागे पुन्हा इन्व्हार, पुन्हा पेट्या, आणि मग जहाजाचं साधं पोलाद.

दुरुस्तीसाठी आम्ही सिंगापूरच्या गोदीत होतो. त्या टाकीत उतरताना खिशात नाणं, किल्ली, पेन काहीही नसावं लागतं. बुटांवर कापडी खोळा चढवायच्या, प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला बांधायचं. वरून निसटलेला पाना पंचवीस मीटर खाली पडला तर इन्व्हारला भोक पडेल, आणि ते भोक शोधायला आठवडा लागू शकतो. तोंडाशी एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. कोण आत गेलं, काय घेऊन गेलं, कोण बाहेर आलं, काय घेऊन आलं, सगळं त्या वहीत उतरतं.

तिसरी टाकी बंद करायच्या संध्याकाळी वहीत एक टॉर्च जास्त निघाला. म्हणजे आत गेला होता, बाहेर आला नव्हता. गोदीचा फोरमन घड्याळ दाखवत होता, कारण दुसऱ्या दिवशी जहाज धक्क्यावरून काढायचं होतं. मी झाकण लावू दिलं नाही. चौघं पुन्हा उतरलो. तळ, पंपाचा खड्डा, शिडीचा प्रत्येक टप्पा, सगळीकडे हात फिरवला. अडीच तासांनी टॉर्च सापडला तो टाकीच्या बाहेर, एका वेल्डरच्या बॉयलर सूटच्या मांडीखिशात. तो पोरगा रडवेला झाला. त्याला कुणी बोललं नाही, मीही बोलू दिलं नाही. अडीच तास वाया गेले असं मला त्या दिवशीही वाटलं नाही. सगळे वर आल्यावर मी एकटा शेवटचा उतरलो, हाका मारल्या, माझ्याच हाका भिंतींवरून परत आल्या, मग वर येऊन सही केली. झाकण बसल्यावर आत जो वायू भरायचा असतो त्यात माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. म्हणून ही सही मी कधी दुसऱ्याला करू दिली नाही.

मग सुरू होतं सुकवणं. सिंगापूरच्या दमट हवेत दर घनमीटरला वीस-बावीस ग्रॅम वाफ असते. आकडा किरकोळ वाटतो, पण आमच्या चार टाक्यांचा हिशेब केला तर ते तीन टन पाणी होतं. डोळ्यांना एक थेंब दिसत नाही आणि टाक्यांत तीन टन पाणी तरंगत असतं! ते तसंच राहिलं तर थंडीत त्याचा बर्फ होतो आणि फवाऱ्यांची बारीक तोंडं, पंप, झडपा गच्च होतात. म्हणून आधी कोरडी हवा, मग कोरडा निष्क्रिय वायू सोडायचा. दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली आणि ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या आत येईपर्यंत. त्या टप्प्यावर तीन टनांतलं पंधरा-सोळा किलो पाणी उरलेलं असतं.

आमच्या घरी कैरीचं लोणचं घालायच्या आधी आई चिनी मातीची बरणी दोन दिवस उन्हात ठेवायची. मग निखाऱ्यावर हिंग टाकायचा आणि त्या धुरावर बरणी पालथी घालायची. ओल्या हाताने कुणी शिवलं तर पुन्हा पहिल्यापासून. कार्गो कंट्रोल रूममध्ये रात्री तीन वाजता दवबिंदूचा आकडा उणे ३८ वर अडलेला बघताना मला दर वेळी ती बरणी आठवायची. उणे ३८ आणि उणे ४० यांत काय एवढा फरक, असं एका थर्ड ऑफिसरने विचारलं तेव्हा मी त्याला हिंगाच्या धुरीची गोष्ट सांगितली. तो कोल्हापूरचा होता, लगेच समजला.

पुढचा टप्पा रास लफ्फानला, कतारमध्ये. निष्क्रिय वायू काढून टाकीत नैसर्गिक वायूची वाफ भरायची. हे का, तर आमच्या निष्क्रिय वायूत चौदा टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो उणे ७८ अंशांनाच गोठतो. मालाच्या थंडीत त्याची पूड होऊन तीच फिल्टर आणि फवारे बुजवील. हे काम सगळं हलक्या-जडाच्या हिशेबावर चालतं. उबदार मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, म्हणून त्याला टाकीच्या माथ्यावरून सोडायचा. खालचा जड निष्क्रिय वायू तळाच्या नळीतून बाहेर निघतो, एखाद्या दट्ट्याने ढकलावा तसा. प्रोपेनला हेच उलटं. तो हवेच्या दीडपट जड, त्याला तळातून घ्यायचा. ज्याला हे एकदा उमगलं, त्याला पाठांतर करावं लागत नाही.

पण हा दट्टा फार नाजूक असतो. चीफ ऑफिसर म्हणून माझी ती दुसरीच फेरी होती आणि टर्मिनलकडून वेळेची विचारणा होत होती. मी प्रवाह वाढवला. अर्ध्या तासात मधल्या नमुन्याच्या नळीवर आकडे हेलकावू लागले. वरच्या वायूने खालच्याला ढवळलं होतं आणि दोन थरांमधली रेघ मोडली होती. त्यानंतर ढकलण्यासारखं काही राहत नाही. आधीच्या मिश्रणात नवा वायू मिसळत बसावं लागतं. वाचवायला गेलो एक तास आणि खर्ची पडले सहा. ती चूक माझी होती आणि कॅप्टनला मी ती तशीच सांगितली. त्यानंतर कुणी कितीही घाई केली तरी मी त्या झडपेला बोट लावलं नाही.

कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याखाली आला की थंड करायला घ्यायचं. मला या कामातला हाच भाग सर्वांत प्रिय. टाकीच्या माथ्यावरच्या फवाऱ्यांतून थोडा थोडा एलएनजी सोडतात. तो खाली पडायच्या आतच उडतो आणि उडताना भिंतींची ऊब घेऊन जातो. दहा-बारा तास हे चालतं, टाकीचं सरासरी तापमान उणे १३० पर्यंत येईपर्यंत. डेकवर उभं राहिलं तर जहाज बोलताना ऐकू येतं. कुठे बारीक टिकटिक, कुठे नळीच्या आधाराखालून करकर. इन्व्हार आखडत नसलं तरी डेकवरच्या नळ्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या. मीटरमागे जवळजवळ तीन मिलिमीटर, म्हणजे शंभर मीटरची नळी फूटभर आखडते. मुद्दाम ठेवलेली वळणं ते सोसतात. आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रायगड जिल्ह्यातला माणूस, त्या रात्री हातात टॉर्च घेऊन प्रत्येक आधारापाशी कान लावून फिरायचा. कुठली करकर नेहमीची आणि कुठली अडकलेल्या नळीची, हे त्याच्या कानाला कळायचं. पडद्यावरच्या सेन्सरपेक्षा मी आधी त्याला विचारत असे.

ही सावकाशी शहाणपणाने आलेली नाही, ती किंमत मोजून आली आहे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात द्रवरूप नैसर्गिक वायूची एक साठवण टाकी फुटली. सुमारे १३० माणसं जळून गेली. टाकीच्या पोलादात निकेल साडेतीनच टक्के होतं आणि एवढ्या थंडीत ते पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९५९ मध्ये, 'मिथेन पायोनियर' नावाचं जहाज लुईझियानामधल्या लेक चार्ल्सहून इंग्लंडच्या कॅनव्ही बेटावर द्रवरूप वायू घेऊन पोचलं. हा माल समुद्र ओलांडून गेल्याची ती पहिली वेळ. आज आम्ही माल भरताना जोडणीखाली जहाजाच्या कुशीवरून समुद्राच्या पाण्याचा पडदा सतत वाहता ठेवतो, टाक्यांमधल्या मोकळ्या कप्प्यांना आतून ऊब देतो. जहाजाच्या साध्या पोलादाला चुकूनही तो गार स्पर्श होऊ नये, म्हणून.

टाक्या थंड झाल्यावर पहाटे मुख्य झडप उघडली. नळीवर पांढऱ्या हिमाचा थर चढत गेला, बंदरापासून जहाजाकडे, हात हात पुढे सरकत. बाकी भरणं म्हणजे आकडे वाचणं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. टाक्या ९८.५ टक्क्यांवर थांबवल्या. साठ हजारांहून जास्त टन वायू घेऊन आम्ही गुजरातमधल्या दहेजकडे निघालो. दहेजला २००४ साली पहिला एलएनजी उतरला. आपल्या कोकणात दाभोळलाही टर्मिनल आहे, तिथे पहिलं जहाज २०१३ साली लागलं. बंदराला लाटा अडवणारा बांध पुरा नसल्यामुळे तिथे वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाजं लागू शकली नाहीत. काकांच्या गुहागरहून ते फार लांब नाही. आमची बोट दाभोळला लागावी, अशी माझी फार इच्छा होती. माझ्या नोकरीत ते जमलं नाही आणि त्याची रुखरुख आहे.

दहेजला सगळा माल उतरवत नाहीत. टाकीच्या तळाशी थोडा मुद्दाम ठेवतात. परतीच्या वाटेवर तोच फवारून टाक्या थंड राखायच्या, म्हणजे पुढच्या फेरीला सुकवणं, वायू बदलणं यांतलं काहीच करावं लागत नाही. ते झाकण पुन्हा उघडतं ते पुढच्या गोदीतच, कित्येक वर्षांनी.

साईन ऑफ करताना ती वही मी नव्या मेटच्या हाती दिली. तिसऱ्या टाकीचं पान उघडून दाखवलं. माणसं: आत ३६, बाहेर ३६. हत्यारं: आत २११, बाहेर २११. टॉर्चसमोर खाडाखोड होती आणि तिच्याशेजारी संध्याकाळची वेळ लिहिलेली. नव्या मेटने ते पान दोनदा वाचलं आणि मग माझ्या सहीखाली आपली सही केली.