पांजरपोळातली माणसे

पांजरपोळ हा शब्द आपल्याला नवा नाही. गुजरातीत पिंजरापोळ, मराठीच्या तोंडी पांजरपोळ किंवा पांजरापोळ. पिंजरा म्हणजे बंदिस्त जागा आणि पोळ म्हणजे दरवाजा असलेली आळी, मोहल्ला. म्हातारी, लंगडी, आजारी, कुणाला नको झालेली जनावरे मरेपर्यंत सांभाळण्याची ही जागा. मराठीत तर एखाद्या खात्यात निरुपयोगी माणसे जमली की "तिथे पांजरपोळ झालाय" असे आपण सहज म्हणतो.

आता कुठल्याही जुन्या पांजरपोळाच्या फाटकाशी उभे राहून बघा. संगमरवरी पाट्या असतात. गोठा कोणी बांधून दिला, हौद कोणाच्या स्मरणार्थ, गवताच्या वखारीला किती रुपये आले, सगळे कोरलेले असते. आत फिरलात तर जनावरांची मोजदादही मिळेल. पण त्या गोठ्यातले शेण पन्नास वर्षे कोणी काढले, हे कुठल्याच पाटीवर नसते. या टिपणाचा विषय ती माणसे आहेत. कागदोपत्री ती कुठे सापडतात, त्यांचे काम नेमके काय आणि किती होते, आणि त्यांची नोंद आपण कशी करू शकतो, एवढे तीन मुद्दे मांडतो.

खंबायतचा चष्मेवाला म्हातारा

आपल्या बडोद्यापासून जवळच खंबायत. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ च्या सुरुवातीला तिथे आला. त्याने पक्ष्यांचे इस्पितळ पाहिले, शेळ्यामेंढ्यांची आणि इतर जनावरांची जागा पाहिली. पण त्याच्या वर्णनातला सर्वात मोलाचा भाग उंदरांच्या पिल्लांचा आहे. आईबाप नसलेली काही पिल्ले तिथे होती. पांढऱ्या दाढीचा, नाकावर चष्मा लावलेला एक वृद्ध गृहस्थ त्यांना डबीत कापसावर ठेवून पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होता. मोठी झाली की सोडून देणार, असे त्याने प्रवाशाला सांगितले.

गुजरातच्या प्राणिसेवेच्या इतिहासात काम करताना प्रत्यक्ष दिसलेला हा सर्वात जुन्या माणसांपैकी एक. तो पगारी होता की धर्मकार्य म्हणून येत होता, नाव काय, जात काय, काही नाही. पण कामाची पद्धत मात्र पक्की नोंदली गेली आहे: ऊब टिकवायला कापूस, इवल्या तोंडात मावेल एवढा थेंब देण्यासाठी पीस. हे कौशल्य आहे. नुसत्या दयेने उंदराचे पिल्लू जगत नाही.

बाकीच्या प्रवाशांची नजर चमत्कारिक गोष्टींवरच गेली. जॉन ओव्हिंग्टन १६८९ मध्ये सुरतेला होता. ढेकूण-पिसवांना पोसण्यासाठी एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवतात, असे त्याने लिहून ठेवले. पुढे अनेकांनी ही कथा सुरतेच्या नावावर खपवली. खरी असो वा ऐकीव, तिच्यातही मजुरी घेणारा माणूस बिननावाचाच आहे. अलेक्झांडर बर्न्स १८२३ मध्ये तिथे गेला. फळ्यांच्या जमिनीखाली किड्यांसाठी धान्य टाकण्याची खोली त्याने बारकाईने वर्णिली आहे. अनेक वर्षांपासून तिथे असलेल्या एका कासवाचाही उल्लेख त्याने केला. कासवाची नोंद झाली, त्याला खायला घालणाऱ्याची झाली नाही.

मुंबई १८३४: पैसा कुठून आला

मुंबईचा पांजरपोळ कुत्र्यांवरून उभा राहिला. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी मंडळींनी सुरुवात केली, इतरही सामील झाले आणि फोर्टात दंगल उसळली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाला. त्या भागाला आजही तेच नाव आहे.

खर्च भागवण्याची जुनी रीत होती लागा. म्हणजे महाजनांनी आपसात ठरवून व्यापाराच्या मालावर स्वतःच बसवलेली छोटी पट्टी. शहरात माल जितका फिरेल तितका पैसा संस्थेला. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचे तर खर्चाला सतत वाहणारा नळ जोडून दिला. एकरकमी देणगीवर जनावरे जगत नाहीत, त्यांना रोज चारा लागतो, हे व्यापाऱ्यांना बरोबर कळले होते.

पण लागा असो वा देणगी, तो पैसा "जीवदयेसाठी" असे. चारा घेतला की पुण्य दिसते. मजुरी दिली की तो "खर्च" होतो. ही दृष्टी आजतागायत गेलेली नाही.

कौटिल्याचा सल्ला

याउलट उदाहरण फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात शंभर-शंभर गाईंच्या कळपामागे माणसे नेमायची सांगितली आहेत: गोपालक, म्हशी सांभाळणारा पिंडारक, दोहक म्हणजे धारा काढणारा, मंथक म्हणजे ताक घुसळणारा आणि लुब्धक म्हणजे हिंस्र श्वापदांपासून राखण करणारा शिकारी. यांना वेतन रोख द्यावे, दूधतूप देऊ नये, असे तो सांगतो. कारण स्वच्छ आहे. दूधतुपावर काम करणारा माणूस वासरांना उपाशी ठेवील.

त्याच प्रकरणात आजारी, अपंग, धारेला त्रास देणाऱ्या जनावरांच्या वेगळ्या कळपाचाही विचार आहे. म्हणजे भाकड आणि मोडक्या जनावरांची व्यवस्था ही राज्यकारभाराची बाब मानलेली होती. आणि जनावराचे हित हे सांभाळणाऱ्याच्या पगाराशी बांधलेले आहे, हे त्यात गृहीत धरले होते.

मराठेशाहीतही जनावरांची खाती स्वतंत्र होती. पागा, पीलखाना, उष्ट्रखाना हे कारखाने म्हणून ओळखले जात. माहूत, मोतद्दार, चाबुकस्वार हे हुद्दे होते, त्यांना नेमणूक होती. राजाच्या हत्तीला माहूत असतो आणि माहुताला हुद्दा. पांजरपोळातल्या आंधळ्या बैलाजवळच्या माणसाला मात्र बहुतेक ठिकाणी "आपला माणूस" एवढीच ओळख राहिली.

कामाचा हिशोब

काम किती होते, ते आकड्यांत मांडू. समजा मध्यम आकाराचा पांजरपोळ, ३०० गुरे. देशी जनावर अडीचशे-तीनशे किलोचे धरा. रोज सुका चारा ६ किलो, पाणी ३० लिटर, शेण १० किलो. हे ढोबळ पण वाजवी आकडे आहेत.

शेण झाले दिवसाला ३,००० किलो. वीस किलोच्या पाटीने वाहिले तर १५० खेपा. गोठ्यापासून उकिरडा पन्नास मीटर असेल तर जाऊन-येऊन चालणे झाले १५ किलोमीटर. त्यातले निम्मे डोक्यावर ओझे घेऊन. हे फक्त शेण. पावसाळ्यात चिखल वेगळा.

पाणी ९,००० लिटर. शंभर लिटरची मोट धरली तर रोज ९० मोटा. मोटेचे बैल हाकणारा एक, मोट रिती करणारा एक. जे जनावर उठून हौदापर्यंत जात नाही, त्याला पाणी जागेवर न्यायचे.

चारा रोजचा १,८०० किलो, वर्षाचा ६५० टनांच्या वर. बैलगाडीत अर्धा टन धरला तर तेराशेहून जास्त गाड्या. गवत पावसाळ्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कापून गंजी रचायची असते, म्हणजे त्या दिवसांत रोज पंधराएक गाड्या उतरवायच्या. गंजी रचणे हेही कसब आहे. माथा नीट उतरता केला नाही तर पहिल्या अवकाळी पावसात गवत कुजते. ओले गवत दाबून रचले तर आतून तापते आणि पेटतेही.

आणि मग खरे पांजरपोळाचे काम, जे गवळ्याच्या गोठ्यात फारसे नसते. बसलेले जनावर दिवसातून अनेकदा कुशीवर पालटावे लागते, नाहीतर खालच्या अंगाला जखमा पडतात. एका गाईला चार-पाच माणसे लागतात. जखमेत अळ्या पडल्या की एकेक काढून औषध भरायचे. दात गेलेल्या जनावराला कडबा बारीक कापून द्यायचा. जैन परंपरेच्या संस्थांत असाध्य जनावरालाही मारत नाहीत, त्यामुळे शेवटचे काही महिने ते ज्याच्या हातावर असते तो माणूस हे सगळे रोज करतो. त्या तत्त्वाची किंमत ट्रस्टी पैशात मोजतात, हा माणूस कंबरेने मोजतो.

कोण होती ही माणसे

गुजरातेत गुरे राखणारे बऱ्याच ठिकाणी भरवाड आणि रबारी समाजातले. चोपडी सांभाळणारा मेहताजी. शेणाचे काम बहुतेक बायकांकडे, कारण गोवऱ्या थापणे त्याला जोडून येते. औषधाला पूर्वी सालोत्री. हा शब्द शालिहोत्रावरून आला. १८८० च्या दशकात मुंबईत परळला दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचे इस्पितळ झाले आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यकाचे कॉलेज सुरू झाले. तिथून शिकलेला डॉक्टर पुढे आला, पण तो येतो आणि जातो. रात्री कण्हणाऱ्या जनावराजवळ असतो तो गडीच.

आणि एक काम असे, की ज्याच्याबद्दल पांजरपोळाच्या अहवालात फार थोडे लिहिलेले असते. जिथे जनावरे मरायलाच येतात, तिथे मेलेले जनावर रोज उचलावे लागते. हे काम ठरावीक दलित जातींवर टाकलेले होते. मोबदला म्हणजे अनेकदा फक्त कातडे. त्यांचा स्पर्श चालत नसे, पण त्यांच्यावाचून संस्था दोन दिवस चालली नसती.

महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून डॉ. आंबेडकरांनी मृतमांस आणि मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडून देण्याचा आग्रह धरला. गांधीजींचे म्हणणे दुसऱ्या बाजूने होते: गोशाळा आणि पांजरपोळांनी शास्त्रीय पद्धतीने चालावे, चर्मालयही स्वतःच चालवावे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी तसा प्रयोग केला. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले. एकाने सांगितले, हे ओझे फेकून द्या. दुसऱ्याने सांगितले, हे ओझे सर्वांनी उचला. पांजरपोळांनी बहुतांशी दोन्ही ऐकले नाही.

याचे उत्तर जुलै २०१६ मध्ये मिळाले. ऊना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. त्यानंतर सौराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी हे काम बंद केले. सुरेंद्रनगरला मेलेली जनावरे कलेक्टर कचेरीपुढे आणून टाकली. जे काम कधी दिसत नव्हते, ते थांबल्यावर सगळ्यांना दिसले.

आजचे चित्र

धोका आजही आहे. गाभण गाय सोडवताना हात घालणाऱ्याला ब्रुसेल्लोसिसचा ताप धरू शकतो, तो महिनोन् महिने येत-जात राहतो. कुत्री सांभाळणाऱ्याने रेबीजची लस आधीच घेतलेली असली पाहिजे. हातमोजे, बूट, लस या चैनीच्या वस्तू नव्हेत.

२०२२ मध्ये गुजरातेत लम्पी पसरला, कच्छ-सौराष्ट्राला जास्त झळ बसली. त्याच वर्षी राज्य सरकारने गोशाळा-पांजरपोळांसाठी ५०० कोटींची योजना जाहीर केली, जनावरामागे रोज ३० रुपये. पैसे वेळेवर मिळाले नाहीत म्हणून सप्टेंबरमध्ये उत्तर गुजरातेतल्या संस्थांनी जनावरे रस्त्यांवर आणि सरकारी कचेऱ्यांत सोडली. आता हिशोब करा. चारा किलोला पाच रुपये धरला तरी सहा किलोत तीस रुपये संपले. मजुरीला काय उरले? शून्य. मागणी करणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी, दोघांनीही माणूस हिशोबात धरलेला नाही. कौटिल्याने जे ओळखले होते, ते इथे सुटले. कमी पगाराचा, आज आहे उद्या नाही असा गडी असेल तर पहिला फटका बसलेल्या जनावरालाच बसतो, कारण ते तक्रार करत नाही.

आपण काय नोंदवावे

आपल्या मंडळींनी, मग ती बडोद्याची असोत, बेळगावची की इंदूर-ग्वाल्हेरची, आपापल्या गावच्या पांजरपोळात जाऊन चार गोष्टी कराव्यात.

एक, जुन्या चोपड्या पाहाव्यात. देणगीचे पान सगळे पाहतात, आपण पगाराचे पान उघडायचे. नाव, हुद्दा, दरमहा किती, धान्य मिळे का, काम कधी सोडले. गुजराती किंवा मोडी वाचणारा एक जण सोबत हवा.

दोन, शब्द गोळा करावेत. चारा रचण्याचे, जखमांचे, जनावरांच्या खोडींचे शब्द त्या माणसांकडेच आहेत, कोशात ते पुरते आलेले नाहीत.

तीन, उपाय लिहून घ्यावेत, पण वापरण्यासाठी नव्हे. नोंद म्हणून. औषध डॉक्टरनेच द्यावे.

चार, मेलेली जनावरे कोण उचलत होते आणि त्यांना काय मिळत होते, हे विचारायला संकोच करू नये. उत्तर देणाऱ्याची इच्छा असेल तरच त्याचे नाव लिहावे.

देल्ला व्हाल्ले परका होता, खंबायतमध्ये फार दिवस राहिलाही नाही. तरी चारशे वर्षांनी आपल्याला तो म्हातारा, त्याचा चष्मा आणि दुधात बुडवलेले पीस दिसते. आपण तर इथेच राहतो. निदान नावे तरी विचारून घेऊ या.