समोर बसून शिकवा

कडबाकुट्टीत बोटं सापडलेला शेतमजूर टेबलावर होता. जखम धुऊन झाली होती, जागा बधिर केली होती. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरनं हात पुढे केला आणि सिस्टरनं सुई लावलेला नीडल होल्डर त्याच्या उजव्या तळहातावर ठेवला. त्यानं तो डाव्या हातात घेतला. सुईचं टोक उलट्या दिशेला गेलं. ती काढून, फिरवून पुन्हा धरली. टाका पडला, पण होल्डरचा खटका सुटेना. मागून आवाज आला, ‘‘अरे, उजव्या हातानं कर ना!’’

तो निवासी डॉक्टर मी. त्या रात्री वाटलं, दोष माझ्या हातात आहे. तो हातात नव्हता, हे कळायला बरीच वर्षं गेली.

जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. बाळ आईच्या पोटात कुठला अंगठा चोखतं, यावरूनसुद्धा हाताचा कल दिसू लागतो. ती सवय नव्हे, शरीराची घडण आहे. तरी आमच्या वऱ्हाडात प्रसाद घ्यायला डावा हात पुढे केला की आजी म्हणायचीच, ‘‘काहून रे बापा, डावा हात पुढं करतं?’’ भाषाही तिच्याच बाजूची. चांगला तो उजवा आणि ज्याला बाजूला सारलं तो डावलला.

खटका आणि कात्री

ऑपरेशन थिएटरमधली अडचण मात्र रीतिरिवाजाची नाही, लोखंडाची आहे. साधी कात्री घ्या. उजव्या हातात धरली की अंगठा आणि बोटं नकळत दोन्ही पाती एकमेकांवर दाबतात, म्हणून धागा कचकन कापला जातो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती फाकवतो. धागा कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो. शिवाय वरचं पातं नेमकी कापायची रेघ झाकतं.

नीडल होल्डर आणि आर्टरी फोर्सेप्सचंही तसंच. उजव्या अंगठ्याच्या सहज दाबानं खटका सुटतो. डाव्या हातात तो दाब खटका आणखी अडकवतो. तिथं कड्या उलट्या दिशेनं सरकवाव्या लागतात. ही युक्ती मी वसतिगृहाच्या खोलीत, फोमच्या तुकड्यावर शेकडो टाके घालत स्वतःच शोधली. गाठींचा सराव खुर्चीच्या हातावर दोरा बांधून केला. आरसा लावून घडवावीत तशी डावखुरी कात्री आणि डावखुरे होल्डर बनतात आणि मागवले तर मिळतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

उभं राहण्याची जागाही ठरलेली. पोट तपासायचं ते रुग्णाच्या उजव्या बाजूनं, उजव्या हातानं. पोटाच्या बहुतेक शस्त्रक्रियांत सर्जन उजवीकडेच उभा राहतो. पण ओटीपोटात खोल काम असलं की उजवा सर्जन पुष्कळदा रुग्णाच्या डावीकडे जातो, कारण तिथून त्याचा कामाचा हात खाली पोचतो. डावखुऱ्याचा हात उजवीकडूनच तिथं पोचतो. एका ठिकाणची गैरसोय दुसऱ्या ठिकाणी सोय होते.

सुश्रुतांची अट

शस्त्रक्रियेच्या जुन्या ग्रंथांनी तर दोन्ही हात मागितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सरावाचा आहे. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळा, दुधी, काकडी यांच्यावर आणि शिवायला शिकायचं ते कापडावर नि मऊ कातड्यावर. त्याच संहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सांगताना स्पष्ट सूचना आहे : डावा डोळा उजव्या हातानं, उजवा डोळा डाव्या हातानं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन सेल्ससनंही सर्जनचा डावा हात उजव्याइतकाच तयार असावा, असं लिहून ठेवलं आहे.

आजही उजवे सर्जन एका हाताची गाठ बरेचदा डाव्या हातानं मारतात, म्हणजे उजव्या हातातला होल्डर खाली ठेवावा लागत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर दोन्ही हातांत उपकरणं असतात. उजव्यांच्या जगात वाढलेल्या डावखुऱ्याचा दुसरा हात लहानपणापासून राबलेला असतो. ती त्याची शिदोरी आहे.

वऱ्हाडात काय करता येईल

एके काळी वऱ्हाडातल्या मुलाला डॉक्टर व्हायला नागपूर गाठावं लागे. १९८४ मध्ये अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघालं, २००२ मध्ये अकोल्यात शासकीय महाविद्यालय आलं आणि २०२४ पासून अमरावतीतही शासकीय महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. थ्रेशरमध्ये सापडलेले हात, बैलानं शिंग मारलेलं पोट, मेळघाटात अस्वलानं फाडलेला चेहरा हे सारं शिवणारे हात आता इथेच तयार होतात. त्यांत डावखुरे असणारच.

त्यांना शिकवण्याची एक सोपी रीत मला फार उशिरा सापडली. मी सीनियरच्या शेजारी उभा राहून पाहायचो, तेव्हा सगळं डोक्यात उलटं-सुलटं व्हायचं. एकदा योगायोगानं टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या समोर उभा राहिलो. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हाताच्या समोर आला. आरशात पाहावं तशी प्रत्येक हालचाल जशीच्या तशी उचलता आली. जी गाठ महिनाभर बसत नव्हती, ती त्या दिवशी बसली.

म्हणून आपल्या महाविद्यालयांतल्या शल्यचिकित्सेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पहिल्याच दिवशी निवासी डॉक्टरांना विचारा, ‘‘तुमच्यात डावखुरं कोण?’’ सराव-प्रयोगशाळेत डावखुऱ्या कात्रीचा आणि नीडल होल्डरचा एक संच ठेवा. सुई कुठल्या दिशेनं लावून द्यायची, हे सिस्टरना आधी सांगा. आणि त्या मुलाला, त्या मुलीला शिकवताना शेजारी उभं करू नका, समोर बसवा. यातल्या संचाला थोडा खर्च येईल; बाकी कशालाही पैसा लागत नाही.