छायाचित्र आणि त्याचा पुरावा : छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या जोडसोयी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अवेळी पाऊस वा गारपीट झाली, की अशा गावात प्रथम प्रश्न उभा राहतो तो पुराव्याचा. नुकसान कोणत्या शिवारात झाले, केव्हा झाले आणि किती झाले, हे कागदावर सिद्ध करावे लागते. रस्ता, विहीर, शाळेची खोली यांसारख्या कामांचेही तसेच आहे. काम झाल्याची साक्ष पूर्वी मोजमाप पुस्तिका आणि पंचनामा हीच देत असत. आता त्यांच्या जोडीला छायाचित्र आले आहे. परंतु छायाचित्र पुरावा म्हणून केव्हा टिकते, हे समजण्यासाठी डिजिटल कॅमेऱ्यातील काही सोयींची ओळख असणे आवश्यक आहे.

चित्राच्या पोटातील नोंद

1975 साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याला एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास 23 सेकंद लागत. आजचा छोटा कॅमेरा क्षणार्धात चित्र टिपतो आणि त्याच वेळी चित्राच्या फाइलमध्ये न दिसणारी एक टाचणनोंदही लिहून ठेवतो. या नोंदीस ‘एक्झिफ’ असे म्हणतात. कॅमेऱ्याचे नाव, तारीख, वेळ, भिंगाची स्थिती आणि सोय असल्यास अक्षांश-रेखांश यांचा तीत समावेश असतो. संगणकावर फाइलचे गुणधर्म उघडले असता ही माहिती वाचता येते.

मात्र कॅमेरा तारीख स्वतः शोधून काढीत नाही. त्यातील घड्याळ जे सांगेल तेच तो लिहितो. कॅमेरा दीर्घकाळ बॅटरीविना पडून राहिला तर हे घड्याळ मूळ तारखेवर परत जाते. मग या वर्षीच्या बांधाचे चित्र अनेक वर्षांपूर्वीचे ठरते आणि खरे काम संशयास्पद वाटू लागते. म्हणून पाहणीस निघण्यापूर्वी घड्याळ तपासणे ही पहिली दक्षता होय.

स्थळाची खूण

उपग्रहांवरून स्थळ ओळखण्याची सोय 2008 च्या सुमारास छोट्या कॅमेऱ्यांत येऊ लागली. कॅमेऱ्यातील ग्राहक किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन आपले स्थान निश्चित करतो. मोकळ्या शिवारात हे स्थान काही मीटरांच्या फरकाने बरोबर येते. घरात, दाट झाडीखाली किंवा कॅमेरा नुकताच सुरू केला असता चूक वाढते. त्यामुळे चित्र घेण्यापूर्वी उघड्यावर थोडा वेळ थांबणे हिताचे असते.

अंशांचे आकडे वाचताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. अक्षांशातील दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या अंकात एकाचा फरक पडला, तर जमिनीवर सुमारे 11 मीटरांचा फरक पडतो. दोनच अंक लिहिले तर चूक एक किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. एवढ्या अंतरात अनेक गट क्रमांक सामावतात. तसेच उपग्रहाची वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदली जाते. ती भारतीय वेळेपेक्षा 5 तास 30 मिनिटांनी मागे असते. हा फरक पाहून तपासणी अधिकाऱ्याने चित्र बनावट मानू नये.

तारेविना जोडणी

चित्र कॅमेऱ्यातून बाहेर काढण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत : स्मृतिपत्र म्हणजे मेमरी कार्ड, यूएसबीची तार, वायफाय आणि ब्लूटूथ. 2005 पासून वायफाय असलेले छोटे कॅमेरे बाजारात आले. असा कॅमेरा स्वतःच एक लहानसे बिनतारी जाळे निर्माण करतो आणि मोबाईल त्यास जोडला जातो. यासाठी इंटरनेट लागत नाही. ज्या वस्तीवर मोबाईलची रेंज नाही, तेथेही चित्रे मोबाईलमध्ये घेता येतात व रेंज मिळताच पुढे पाठविता येतात. ब्लूटूथ कमी वीज खर्च करते. काही कॅमेरे त्याद्वारे मोबाईलकडून वेळ आणि स्थान घेऊन चित्रात नोंदवितात.

कार्डाच्या कडेला एक लहान खटका असतो. तो खाली सरकविला की कार्डावर नवे काही लिहिता किंवा त्यावरील काही पुसता येत नाही. पाहणी संपताच हा खटका लावून मूळ कार्ड सुरक्षित ठेवणे हा सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे.

मोबाईल आला, तरीही

2010 मध्ये जगभर सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; 2020 पर्यंत ही संख्या एक कोटीच्या खाली आली. मोबाईलने कॅमेऱ्याची जागा घेतली. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून पिकाचे छायाचित्र नोंदवावे, हीच कल्पना होती. तथापि भिंग पुढे-मागे सरकवून दूरची वस्तू जवळ आणणारा छोटा कॅमेरा पुलाची तडे गेलेली कमान किंवा पाण्याच्या टाकीचा वरचा भाग स्पष्ट दाखवू शकतो. साध्या मोबाईलमध्ये बहुधा चित्राचा तुकडाच मोठा करून दाखविला जातो. त्याने तपशील वाढत नाही.

पाठविताना घ्यावयाची काळजी

संदेशवाहक ॲपवरून चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले तर ते आकुंचित होते आणि त्यातील एक्झिफ नोंद बहुधा गळून पडते. तेच चित्र ‘दस्तऐवज’ म्हणून पाठविल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते. याउलट, शाळेतील मुलांची किंवा कुटुंबाची चित्रे सर्वांसाठी प्रसिद्ध करावयाची असतील तेव्हा स्थळनोंद काढून टाकणेच योग्य. अन्यथा घराचा ठावठिकाणा परक्याच्या हाती जातो.

1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून सादर करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात संबंधित उपकरणाचा तपशील आणि फाइलचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावयाचे असते. हे मूल्य म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा होय. चित्रातील एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवरच काम करावे.

ग्रामपंचायतीने कामापूर्वी, काम चालू असताना व काम पूर्ण झाल्यावर एकाच जागी उभे राहून चित्रे घ्यावीत, प्रत्येक चित्रात मैलाचा दगड, मंदिर वा शाळेची इमारत यांसारखी कायमची खूण यावी, आणि फाइलच्या नावात गट क्रमांक व तारीख असावी. एवढी शिस्त पाळली, तर ज्याच्या शेतातील मिरची खरोखर आडवी झाली आहे त्याला आपले म्हणणे मांडण्यास भक्कम आधार मिळेल, आणि न झालेल्या कामाचे बिल चित्राच्या आडून मंजूर करून घेणे कठीण होईल.