दारातल्या डब्यात मायाळू

उन्हाळा लागला की बाजारात पालक-मेथीची जुडी लहान होते आणि भाव चढतो. पावसाळ्यात पाला चिखलाने भरलेला असतो, लवकर सडतो. याच महिन्यांत आपल्या ताटातली पालेभाजी कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून आम्ही मायाळूचा वेल सुचवतो. पालक उकाड्यात फुलावर येतो. मायाळूला उकाडाच मानवतो. त्याच्या पानांत लोह, कॅल्शियम, फोलिक अ‍ॅसिड आणि अ जीवनसत्त्व मिळते.

लागवड कशी करावी?
अंगण नसले तरी चालते. १०-१५ लिटरचा तेलाचा डबा किंवा जुनी बादली घ्या, बुडाला भोके पाडा. औषधाचा किंवा केमिकलचा डबा वापरू नका. गटाराकाठची मातीही नको. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत भरा. वेलाची वीतभर कांडी घेऊन खालची पाने काढा, दोन पेरे मातीत जातील अशी लावा. साधारण दोन आठवड्यांत मुळे धरतात. बी लावायचे तर रात्रभर भिजवा.

वेल सुतळीने खिडकीवर किंवा पत्र्यावर चढवा. चार-पाच तास ऊन पुरते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी घाला, साबणाचे नको. डब्याखाली पाणी साचू देऊ नका. त्यात डेंग्यूचे डास होतात. शेंडे खुडत राहा, म्हणजे बाजूने नवे फुटवे येतात.

खाताना
मायाळू थोडी बुळबुळीत असते. डाळीत टोमॅटो किंवा चिंच घालून शिजवली की ते जाणवत नाही. पानांची भजी मुलांना आवडतात, पण रोजच्यासाठी डाळभाजीच बरी. जेवताना लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तासाभराने घ्या. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: नुसत्या पालेभाजीने रक्त भरून येत नाही. धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. गरोदर बहिणींनी आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. गोळीही हवी, भाजीही हवी.

वेल वाढला की चार कांड्या शेजारच्या घरी द्या.