लिफ्टची किल्ली कोणाकडे?

लॉकर उघडताना बँकेचा अधिकारी आधी आपली किल्ली फिरवितो, मग ग्राहक आपली. एकट्याच्या किल्लीने लॉकर उघडत नाही. बंद करताना मात्र ग्राहकाची एकच किल्ली पुरते. वर्षानुवर्षे हातवळणी पडलेली ही गोष्ट. तिच्यामागचा विचार मात्र मला भिलाईत राहावयास आल्यावर, तोही एका लिफ्टमुळे, नव्याने उमगला.

भिलाई हे मुळात बसक्या घरांचे गाव. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि तिच्या आगेमागे सेक्टरांची वसाहत वसली. विदर्भातून आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांचे आयुष्य तेथील क्वार्टरमध्ये गेले. तेथे दार वाजविले की शेजारी येतो, आणि अनेकदा न वाजविताही येतो. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटते आणि ही मंडळी बहुमजली इमारतीत सदनिका घेऊ लागतात. गृहकर्जासाठी येणारे ग्राहक पूर्वी पाण्याविषयी बोलत, आता काहीजण कौतुकाने सांगतात, "साहेब, लिफ्ट थेट आमच्या घरात उघडते."

ही व्यवस्था चालते कशी? लिफ्टच्या पेटीत बटणांशेजारी एक कार्डवाचक असतो. त्यावर कार्ड टेकविले की नियंत्रक त्या कार्डाचा क्रमांक ओळखतो आणि ठरलेल्या मजल्याचेच बटण काही क्षण जिवंत करतो. पाहुणा आला तर चौकीदार इंटरकॉमवरून विचारतो व घरमालक बटण दाबून त्याला एका खेपेपुरती वाट देतो. कामवाल्या बाईंच्या कार्डाला मजल्याबरोबर वेळेचेही बंधन घालता येते. किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागते. कार्ड हरवले तर तो क्रमांक रद्द केला की झाले. अर्थात, हरवल्याचे कोणी वेळेवर कळविले तर! घर सोडून गेलेल्या भाडेकरूचे कार्ड पुढे कित्येक महिने चालू राहिल्याचे मी पाहिले आहे.

लिफ्ट तुटून पडेल, ही भीती मात्र बरीच अनाठायी. १८५४ साली एलिशा ओटिस यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंचावर उभे राहून आपल्याच लिफ्टचा दोर कापविला आणि ती जागच्या जागी अडकून राहिली, हे जगाला दाखविले. वेग वाढताच मार्गदर्शक रुळांना घट्ट पकडणारी कळ आजही प्रत्येक चांगल्या लिफ्टमध्ये असते. रूळ घडविणाऱ्या गावाने लक्षात ठेवावे, लिफ्टही रुळांवरूनच धावते. फक्त ते रूळ उभे असतात.

खरा धोका निराळा आहे. आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एकच सदनिका आहे. लिफ्टसमोरची मोकळी जागा आपलीच, या समजुतीने तेथील वृद्ध दांपत्याने जिन्याच्या दाराला आतून कुलूप घातले होते. एका रात्री आजोबांच्या छातीत दुखू लागले. आजींनी पाचव्या मजल्यावरील डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांचे कार्ड पाचव्या मजल्यापुरतेच. त्या जिन्याने धावत वर गेल्या, तो दाराला कुलूप. मग खाली चौकीदाराकडे. सर्व मजल्यांचे कार्ड कार्यालयाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली परगावी गेलेल्या सचिवांकडे. चौकीदार इंटरकॉम वाजवीत राहिला. आजी आतल्या खोलीत पतीपाशी. अखेर घंटा त्यांच्या कानी पडली आणि लिफ्ट वर गेली. आजोबांचे निभावले. पण ती मिनिटे डॉक्टरबाई अजून विसरलेल्या नाहीत.

चोराला अडविण्यासाठी केलेली व्यवस्था त्या रात्री शेजाऱ्याला अडवून बसली. आग लागली असती तर? आगीत रहिवाशांनी लिफ्ट वापरावयाची नसते. जिना हाच मार्ग. म्हणूनच बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडले पाहिजे, असे २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतीत अग्निशमन दलासाठी लिफ्ट असावी आणि ती एका मिनिटात तळापासून सर्वांत वरच्या मजल्यावर पोहोचावी, असेही तीत म्हटले आहे. तळमजल्यावरील खटका दाबताच ही लिफ्ट खाली येते व पुढे अग्निशामकाचेच ऐकते. तेथे कार्डाचा अडसर उरता कामा नये.

आणखी एक गंमत. वीज गेल्यावर बॅटरीवरील सुटका यंत्र लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते. तो मजला दुसऱ्याच्या घराचा निघाला तर? म्हणून लिफ्टच्या दारापलीकडे घराचे स्वतंत्र, मजबूत दार हवे आणि दोहोंमधल्या जागेतून जिन्याकडे जाणारी वाट मोकळी हवी. घर बघावयास गेल्यावर संगमरवरापेक्षा हे आधी पाहावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

नोंदीचा प्रश्न राहतोच. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या लॉकरविषयक सूचनांनुसार लॉकर उघडल्याचा संदेश ग्राहकाला त्याच दिवशी जातो आणि लॉकर विभागाच्या प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचे चित्रण किमान १८० दिवस जपले जाते. कार्डांच्या नोंदी बहुतेक इमारतींतही आपोआप होतात. वाचीत कोणी नाही.

त्या घटनेनंतर आमच्या सोसायटीची सभा झाली. वाद बराच झाला. आजोबा स्वतःच म्हणाले, "कुलूप काढा." त्या जागी आतून नुसते ढकलून उघडणारे आणि बाहेरून किल्लीने उघडणारे दार बसले. सर्व मजल्यांचे कार्ड आणि त्या दाराची किल्ली मोहोरबंद लिफाफ्यात चौकीदाराकडे असते. लिफाफा फोडला तर वेळ, कारण आणि दोघांच्या सह्या. दुसरा तसाच लिफाफा डॉक्टरबाईंकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही मोहोरा तपासण्याचे काम, बँकेत नोकरी करतो म्हणून, माझ्या गळ्यात पडले आहे.