शेवटच्या सरीपर्यंत

दिवाळीला सोयगावला आलो तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा वायरी जास्त होत्या. चाचणीचा बोर्ड, सीरियल केबल, तळहाताएवढा लॉजिक अ‍ॅनालायझर. ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता, त्याला लागूनच टेबल लावलं. पुण्यात माझी सहा जणांची टीम चिपसाठी ड्रायव्हर लिहिते. कोणत्या रजिस्टरमधला कोणता बिट कधी लिहायचा, याचा सगळा हिशोब ड्रायव्हरकडे.

दोष किरकोळ दिसत होता. हजार इंटरप्ट, म्हणजे चिपने प्रोसेसरला दिलेल्या हाका, यायला हवेत तिथे 1,003 यायचे. त्या वरच्या तिघांच्या वेळी स्टेटस रजिस्टर वाचलं तर शून्य. एक लाखापैकी 99,900 हून जास्त इंटरप्ट असे बेवारस निघाले, तर लिनक्स ती लाइनच बंद करतो. आमचं प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हतं, म्हणून तर महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही.

टीममधली सगळ्यात नवी मुलगी फोनवर म्हणाली, "सर, शून्य दिसलं की परत फिरू. एका ओळीचं काम आहे." चाललंही असतं. पण कारण सापडण्याआधी लक्षण झाकायचं नाही, हा माझा हट्ट.

मॅन्युअल म्हणतं, बिटवर 1 लिहिला की तो पुसला जातो. किती वेळात, ते मॅन्युअलमध्ये नाही. मग इंटरप्ट हाताळणाऱ्या हँडलरमध्ये शिरताना एक पिन वर, निघताना खाली, असं केलं. पडद्यावर दिसलं: पिन आधी खाली आली, इंटरप्टची लाइन दोनशे नॅनोसेकंद उशिरा. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात दोनशे ठोके होतात. लिहिलेलं वाटेतल्या बफरमध्येच होतं आणि प्रोसेसर काम झालं समजून निघून गेला होता.

इथे शेतात आमचे अण्णा पाण्याची मोटर चालू करून लगेच घरी येत नाहीत. बांधाबांधाने शेवटच्या सरीपर्यंत जातात, पाणी पोचलेलं डोळ्यांनी बघतात. टीममधल्या त्या नव्या मुलीला फोनवर हे सांगितलं. क्षणभर थांबून ती म्हणाली, "म्हणजे लिहिलेलं रजिस्टर परत वाचायचं?"

तेच. वाचनाचं उत्तर यायचं तर त्याच वाटेवरचं आधीचं लिखाण चिपपर्यंत पोचावंच लागतं. मात्र तेवढा वेळ प्रोसेसर अडून राहतो, म्हणून ही ओळ फक्त इंटरप्ट पुसल्यानंतर घातली.

रात्रभर चाचणी चालली. दहा लाख पाठवले, दहा लाखच मोजले. वाचलेली किंमत कुठेच वापरलेली नाही. उद्या कुणी ती ओळ निरुपयोगी समजून काढून टाकेल, म्हणून तिने वर चार ओळींची टीप लिहिली. मॅन्युअलमध्ये भर घालण्यासाठी हार्डवेअर टीमला मेल गेला, तोही तिच्याच नावाने.